‘राष्ट्रांची संपत्ति’ : एका अर्धवट वाचलेल्या ग्रंथाविषयीं

कांहीं ग्रंथांचें दैव मोठें विचित्र असतें. त्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें, त्यांतला एखादा शब्दप्रयोग शाळकरी मुलालाहि पाठ असतो. परंतु ग्रंथ मात्र कपाटांत धूळ खात पडलेला असतो. भक्त त्याला हार घालतात, विरोधक त्याची होळी करतात, आणि दोघांपैकीं एकानेंहि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला नसतो. अ‍ॅडम स्मिथ या स्कॉटिश पंडिताचा १७७६ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालेला ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ म्हणजे ‘राष्ट्रांची संपत्ति’ हा ग्रंथ याच पंक्तींत बसणारा आहे. खुल्या बाजाराचा विचार ज्याला म्हणतात त्याचा हा आधारग्रंथ. तो निघाल्यास आज अडीच शतकांचा काळ लोटला; पण त्याच्या नांवानें चाललेलें भांडण अद्यापि मिटलेलें नाहीं.

न वाचतां बोलण्याचा हा आरोप आम्ही केवळ इतरांवर करीत आहों, असें वाचकांनीं समजूं नये. आम्हीहि त्या अपराधांतले वांटेकरी आहों. पंचवीस वर्षें आम्हीं महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकविलें, आणि त्यांतलीं बहुतेक वर्षें स्मिथचा विचार आम्हीं आमच्या विद्यार्थिदशेंतल्या टिपणांवरूनच शिकविला. त्या टिपणांत टांचण्यांच्या कारखान्याची गोष्ट होती, ‘अदृश्य हात’ होता, आणि सरकारनें व्यापारांत हात घालूं नये हें तात्पर्य होतें. परीक्षेला एवढें पुरे होतें.

एके दिवशीं वर्गांत धान्याच्या व्यापारावरील स्मिथचें मत आम्ही सांगत होतों. टंचाईच्या काळांत भाव चढतात, चढलेल्या भावाच्या ओढीनें व्यापारी दूरदूरचें धान्य तेथें आणतात, आणि अशा रीतीनें बाजारच उपासमार टाळतो, असा तो युक्तिवाद. माणदेशाकडून आलेला एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, भाव चढला म्हणजे धान्य येतें हें समजलें. पण ज्याच्या कनवटीला पैसाच नाहीं, त्याच्यासाठीं तें कोण आणणार?” आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें. तें उत्तर त्याला पटलें नाहीं, हें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें. आणि खरें सांगावयाचें तर तें आम्हांलाहि पटलें नव्हतें. त्या रात्रीं आम्हीं मूळ ग्रंथ काढून तो प्रथमपासून वाचावयास घेतला. प्रस्तुत लेख हें त्या वाचनाचें फळ आहे.

प्रथम या विचाराचा उगम पाहूं. सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपांतील राजेलोकांची अशी समजूत होती कीं, सोनें-रुपें म्हणजेच राष्ट्राची संपत्ति. परदेशीं माल पुष्कळ विकावा, परदेशाचा माल होतां होईल तों घेऊं नये, आणि धातूचा सांठा वाढवावा, हें त्यांचें धोरण. त्यासाठीं जकाती, मनाया आणि मक्ते यांचें जाळें विणलें गेलें. फ्रान्समध्यें चौदाव्या लुईचा प्रधान कोल्बेर यानें कारखानदारीला नियमांनीं पुरतें जखडून टाकलें. त्याच फ्रान्समध्यें या धोरणाविरुद्ध पहिला संघटित आवाज उठला. पंधराव्या लुईच्या दरबारचा वैद्य केने यानें १७५८ सालीं एक आर्थिक कोष्टक रचून दाखविलें. देहांत रक्त फिरतें तसें समाजांत धन फिरत असतें, आणि त्याच्या वाटेंत बांध घातले तर देह रोगी होतो, असा त्याच्या पंथाच्या विचाराचा एकंदर रोख होता. जमीन हीच संपत्तीचें एकमेव मूळ, हा त्या पंथाचा आग्रह पुढें टिकला नाहीं. पण आर्थिक व्यवहारास स्वतःची अशी एक व्यवस्था असते, ही कल्पना मात्र टिकली.

स्मिथचा जन्म १७२३ सालीं स्कॉटलंडमधील कर्कॉल्डी या लहान बंदराच्या गांवीं झाला. पुढें ग्लासगोच्या विद्यापीठांत तो नीतिशास्त्राचा अध्यापक झाला. त्याचा पहिला ग्रंथ अर्थशास्त्रावर नव्हे, तर मनुष्याच्या नैतिक भावनांवर आहे. तो १७५९ सालीं निघाला आणि त्याचा आरंभच सहानुभूतीच्या विवेचनानें होतो. १७६४ सालीं एका तरुण सरदारपुत्राचा शिक्षक म्हणून तो फ्रान्सला गेला व तेथें केनेची आणि त्याची ओळख झाली. परत आल्यावर दहा वर्षें खपून त्यानें ‘राष्ट्रांची संपत्ति’ लिहिला. नीतीचा अध्यापक अर्थशास्त्राकडे वळला, ही गोष्ट ग्रंथ वाचतांना पदोपदीं आठवावी लागते. कारण तो नफ्याविषयीं लिहीत असतांनाहि न्यायाचा विचार कधीं सोडीत नाहीं.

ग्रंथाचे पांच भाग आहेत. पहिल्याच प्रकरणांत ती प्रसिद्ध टांचण्यांची गोष्ट येते. दहा माणसें कामाची वांटणी करून घेतात आणि दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टांचण्या तयार करतात. एकेकट्यानें सर्व काम केलें असतें तर एकाला दिवसांत वीसहि साधल्या नसत्या. या साध्या दृष्टान्तावर सबंध इमारत उभी आहे. श्रमविभाग वाढला कीं उत्पन्न वाढतें, बाजार जितका विस्तृत तितका श्रमविभाग अधिक, आणि बाजार विस्तृत व्हावयाचा तर त्याच्या वाटेंतले अडथळे दूर झाले पाहिजेत. स्मिथची लेखनशैली पसरट आहे. रुप्याच्या भावांवरील एक विषयांतर तर वाचकाची कसोटीच पाहतें. परंतु तो उदाहरणें घेतो तीं खाटकाच्या, पाववाल्याच्या आणि मजुराच्या अंगावरील कोटाचीं; आणि मधूनच असा एखादा तिरकस टोमणा मारतो कीं वाचकाचा शीण निघून जातो.

आतां त्या ‘अदृश्य हाता’कडे वळूं. एवढ्या विस्तीर्ण ग्रंथांत हा शब्दप्रयोग फक्त एकदां येतो. चौथ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणांत, व्यापारी आपलें भांडवल परदेशापेक्षां स्वदेशांत गुंतविणें अधिक सुरक्षित समजतो, आणि तसें करतांना मनांत नसतांहि देशाचें हित साधतो, एवढ्याच संदर्भांत. ज्या शब्दावर अनुयायांनीं देऊळ बांधलें, तो मूळ ग्रंथकारानें वाटेवरच्या दगडासारखा एकदां वापरला आणि तो पुढें निघून गेला. फ्रेंच पंथाच्या नांवाशीं जोडलेला ‘होईल तसें होऊं द्या’ हा मंत्र तर त्यानें या ग्रंथांत कोठेंहि उच्चारलेला नाहीं.

मग ग्रंथभर आहे तरी काय? आहे ती मक्तेदारीविषयींची चीड. व्यापारी लोक मौजेसाठीं जरी एकत्र जमले तरी त्यांच्या बोलण्याचा शेवट गिऱ्हाइकांविरुद्ध कांहींतरी संगनमत करण्यांत होतो, असें तो लिहितो. मालकांनीं मजुरी वाढूं न देण्याचा मूक कट सदासर्वदा केलेला असतो, पण त्याचा कोठें गवगवा होत नाहीं. मजूर एकत्र आले कीं मात्र कायदा जागा होतो, हेंहि त्यानेंच दाखवून दिलें. ईस्ट इंडिया कंपनीवर त्यानें ओढलेले कोरडे तर आपण हिंदी वाचकांनीं मुद्दाम वाचावे असे आहेत. व्यापारी असतांना राजा होणें आणि राजा असतांना व्यापारी राहणें, या दोन्ही भूमिकांत कंपनी नालायक ठरते. कारण राजाचें हित प्रजेच्या भरभराटींत असतें आणि मक्तेदाराचें हित ती भरभराट खुंटविण्यांत असतें. कंपनीचें राज्य ऐन जोरांत येत असतां एका ब्रिटिश ग्रंथकारानें हें लिहावें, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि सरकारनें कांहींच करूं नये, असेंहि तो म्हणत नाहीं. व्याजाच्या दरावर कायद्याची मर्यादा असावी, पेढ्यांनीं वाटेल तशा लहान रकमांच्या नोटा काढूं नयेत, हें त्यानें सांगितलें. आग पसरूं नये म्हणून घरांमध्यें भिंत घालण्याची सक्ति करतात तसाच हा निर्बंध आहे, असें त्याचें समर्थन. श्रमविभागानें जन्मभर एकच हालचाल करणाऱ्या मजुराची बुद्धि गंजून जाते हें त्यानेंच ओळखलें, आणि त्यावर उपाय म्हणून गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणाचा भार राज्यानें उचलावा असें सुचविलें. टांचण्यांच्या कारखान्याचें कौतुक पहिल्या भागांत आहे आणि त्याच्या दुष्परिणामांची चिकित्सा पांचव्यांत; पण पांचव्या भागापर्यंत पोंचतो कोण?

येथवर ग्रंथाचा कैवार घेणें सोपें होतें. आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे आलें पाहिजे, कारण तेथें नुसता कैवार पुरत नाहीं.

धान्याच्या व्यापारावर स्मिथनें चौथ्या भागांत एक दीर्घ विषयांतर केलें आहे. धान्याचा व्यापारी टंचाईंत भाव वाढवितो तेव्हां तो जहाजावरील शहाण्या कप्तानासारखें वागतो. शिधा संपेल हें ओळखून तो तो आधींपासूनच बेतानें वांटतो. सरकारनें सक्तीनें भाव पाडले तर धान्य बाजारांत येत नाहीं, किंवा आलें तर लवकर संपतें, आणि मग टंचाईचा दुष्काळ होतो. या युक्तिवादांत मोठें तथ्य आहे. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाचा उल्लेख करून, कंपनीच्या नोकरांनीं तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या अविचारी निर्बंधांनीं त्या टंचाईचा दुष्काळ होण्यास हातभार लावला असावा, असें तो म्हणतो. परंतु येथेंच त्याची लेखणी वाजवीपेक्षां पुढें धांवली. युरोपांतील गेल्या दोन-तीन शतकांतला कोणताहि दुष्काळ सरकारी जबरदस्तीखेरीज दुसऱ्या कारणानें पडला नाहीं, असा त्यानें निकाल देऊन टाकला. शास्त्रांत असे सरसकट निकाल फार महाग पडतात.

तो किती महाग पडला हें आपल्याच दख्खननें पाहिलें. १८७६ ते १८७८ या सालांत दक्षिण हिंदुस्थानांत आणि मुंबई इलाख्याच्या सोलापूर, अहमदनगर, पुणें, सातारा, कलादगी या भागांत भयंकर दुष्काळ पडला. व्हाइसरॉय लिटन याच्या सरकारनें खाजगी धान्यव्यापारांत ढवळाढवळ न करण्याचें धोरण कसोशीनें पाळलें, आणि त्यामागें स्मिथपासून चालत आलेली शिकवण उभी होती. सर रिचर्ड टेंपल याला पाहणीस पाठविण्यांत आलें, आणि दुष्काळी कामावरील मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे एवढ्यावर आणला गेला. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें नेटानें मांडली. त्या दुष्काळांत ब्रिटिश मुलखांत सुमारे ५० लक्ष माणसें दगावलीं असा अंदाज आहे. रेल्वे होती, व्यापारी होते, व्यापाराला मोकळीक होती. आणि तरीहि रेल्वेच्या वाटेवर माणसें उपाशी मेलीं.

मग स्मिथ खोटा ठरला काय? आम्हीं ग्रंथ पुन्हां पाहिला तेव्हां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर त्याच ग्रंथांत, पहिल्याच भागांत, सांपडलें. सातव्या प्रकरणांत स्मिथ मागणीचे दोन प्रकार करतो. नुसती इच्छा ही एक, आणि किंमत देण्याची ऐपत असलेली इच्छा ही दुसरी. भिकाऱ्यालाहि सहा घोड्यांची गाडी हवीशी वाटेल. परंतु त्याच्यासाठीं ती बाजारांत येणार नाहीं, कारण बाजार फक्त दुसऱ्या प्रकारची मागणी ओळखतो. गाडीच्या जागीं भाकरी ठेवा, म्हणजे १८७७ चें सोलापूर डोळ्यांपुढें उभें राहतें. पाऊस गेला तेव्हां शेतमजुराचें काम गेलें, काम गेलें तेव्हां मजुरी गेली, आणि मजुरी गेली तेव्हां बाजाराच्या दृष्टीनें त्याची भूकच नाहींशी झाली.

पुढच्याच, मजुरीवरील आठव्या प्रकरणांत, तो आणखी स्पष्ट बोलतो. ज्या देशांत मजुरांना पोसणारा निधि आटत चालला आहे तेथें मजुरी इतकी खालावते कीं भूक, दुष्काळ आणि मृत्यु यांचें साम्राज्य पसरतें; आणि याचें उदाहरण म्हणून तो बंगालकडे बोट दाखवितो. म्हणजे दुष्काळाचें मूळ मजुरीच्या नाशांत असूं शकतें हें त्याला ठाऊक होतें. दोष असा कीं, मजुरीच्या प्रकरणांत जें ज्ञान त्याला होतें तें धान्याच्या प्रकरणांत त्यानें बरोबर नेलें नाहीं. दोन प्रकरणांमधली ही दरी लेखकाची खरी. पण लेखकाची चूक कागदावर होती. ज्यांनीं एकच प्रकरण हातांत घेऊन त्यावर राज्यकारभार चालविला, त्यांची चूक माणसांच्या जिवावर गेली.

मराठींत हें शास्त्र तसें लवकर आलें. लोकहितवादींचें ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ सालचें आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ सालची. शिकण्याची हौस दांडगी होती. पण शिकलेलें ज्ञान आपल्या भूमीवर तपासून पाहण्यास मात्र काळ जावा लागला. १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत न्यायमूर्ति रानडे यांनीं दिलेलें हिंदी अर्थशास्त्रावरील व्याख्यान हें त्या तपासणीचें पहिलें मोठें पाऊल होय. अर्थशास्त्राचे सिद्धान्त भूमितीच्या सिद्धान्तांसारखे सर्व देशकालांना सारखेच लागू पडत नाहींत. ज्या गृहीतांवर ते उभे आहेत तीं गृहीतें आपल्याकडे खरीं आहेत कीं नाहींत हें आधीं पाहिलें पाहिजे, हें रानड्यांचें सांगणें. त्यांनीं ग्रंथ जाळला नाहीं आणि पूजलाहि नाहीं. त्यांनीं तो वाचला.

पुढील इतिहासानें या वाचनाची खूण पटविली. १८८० च्या दुष्काळ कमिशननेंच मान्य केलें कीं, अवर्षणाचा पहिला घाव शेतीच्या कामावर पडतो आणि मजुरीवर जगणारा मोठा वर्ग बेकार होतो. १९८१ सालीं अमर्त्य सेन यांनीं आपल्या ग्रंथांत दुष्काळाचा विचार एकूण धान्याच्या सांठ्यावरून नव्हे, तर माणसाच्या धान्य मिळविण्याच्या सामर्थ्यावरून केला पाहिजे हें साधार दाखविलें. त्याच्याहि आधीं आपल्या महाराष्ट्रानें हें प्रत्यक्ष करून दाखविलें होतें. १९७२-७३ च्या दुष्काळांत, ऐन भरांत असतांना, सुमारे ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. रस्ते झाले, तलाव झाले, खडी फुटली. पण सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, आठवड्याच्या शेवटीं मजुराच्या हातांत पगार पडला आणि तो बाजारांत गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला. हाल अपार झाले. परंतु १८७७ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. वि. स. पागे यांच्या पुढाकारानें जन्मलेल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्यानें पक्कें स्वरूप दिलें. स्मिथच्या सातव्या प्रकरणाला दिलेलें हें मराठी उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें.

आज या ग्रंथाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, तो आज अधिकच लागू आहे, मात्र सबंध वाचला तर. १९९१ सालीं आपल्या देशानें बहुतेक उद्योगांवरील परवान्यांचें बंधन काढून टाकलें. तत्पूर्वीं एका स्कूटरसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहिलेल्या कुटुंबांना मक्तेदारी म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. परवाना मिळालेला कारखानदार सुखी होता आणि गिऱ्हाईक रांगेंत उभें होतें. त्या ठिकाणीं स्मिथ खुल्या बाजाराच्या बाजूनें उभा राहिला असता. उलट २००८ सालीं अमेरिकेंतील बड्या पेढ्या बेफाम सावकारी करून बुडावयास आल्या आणि त्यांना सरकारी तिजोरीनें वांचविलें. नफा आपला आणि तोटा रयतेचा, हा न्याय ज्यांनीं खुल्या बाजाराच्या नांवानें चालविला, त्यांना स्मिथचें आगीच्या भिंतीचें वाक्य कोणीतरी वेळींच वाचून दाखवावयास हवें होतें. दोन्ही प्रसंगीं त्याची कसोटी एकच आहे. या व्यवस्थेंत दुबळ्या गिऱ्हाइकाचें आणि मजुराचें काय होतें?

खुला बाजार हा स्मिथला बळवंतांची मुभा म्हणून नको होता. राजसत्ता आणि धनसत्ता यांनीं हातांत हात घालून सामान्य माणसाला लुबाडूं नये, यासाठीं हवा होता. बाजाराची ताकद मोठी आहे, हें त्यानें सांगितलें. आणि बाजाराला रिकाम्या हाताचा माणूस दिसत नाहीं, हेंहि त्यानेंच सांगितलें. पहिलें सांगणारे पुष्कळ आहेत, दुसरेंच तेवढें सांगणारेहि पुष्कळ आहेत. दोन्ही एकत्र धरून ठेवणें हें कठीण काम आहे, आणि तें वाचकावर येऊन पडतें.

आमचा तो विद्यार्थी परीक्षा देऊन केव्हांच निघून गेला. त्याला द्यावयाचें उत्तर आमच्याजवळ आलें तें तो गेल्यानंतर, ही खंत आहेच. मात्र त्या वर्षापासून आम्हीं तीं जुनीं टिपणें वर्गांत नेणें बंद केलें. आतां धान्याच्या व्यापाराचें प्रकरण आम्ही काढतों तें सातव्या व आठव्या प्रकरणांचें वाचन झाल्यावर, आणि आरंभीं त्याचाच प्रश्न फळ्यावर लिहितों.